हजेरी

स्पाल्डिंगच्या शाळेत मी हजेरीची कारकून.
सकाळी पोर आलं की एक तिरकी रेघ,
दुपारी तीच, उलट्या अंगाची.
आजारी, उशिरा, सुट्टीवर, प्रत्येकाला एकेक अक्षर.
फिरस्त्यांच्या पोरांसाठी ‘टी’ :
आईबाप कामाधंद्याला गावोगाव फिरतायत,
म्हणून पोर नाही. कायद्यात बसतं.
हे अक्षर आमच्याकडे कुणी वापरत नव्हतं.

केझाया हेरन, अकरावी ब. आपल्या हिशोबात दहावी.
कालव्यापलीकडे, कोबीची शेतं संपतात तिथे
चार कॅरॅव्हॅन आणि एक पांढऱ्या पायांचं घोडं.
वर्गात कुणाचं काही हरवलं
की आधी तिचं दप्तर.
तिनं चेन लावायचंच सोडून दिलं होतं.

मार्चमध्ये तिच्या आईला बोलावलं.
मिसेस थर्लबींनी कागद आधीच टाइप केलेला :
मुलीला आम्ही स्वखुशीने घरी शिकवू,
शाळेच्या पटावरून नाव कमी करावे.
पेनाचं टोपणसुद्धा काढून ठेवलेलं.
आईला, मिझेलीला, वाचता येत नाही
हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

माझं काम एवढंच,
गैरहजेरीचा तक्ता टेबलावर ठेवायचा आणि निघायचं.

माझे आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटात वाढले,
तारेच्या कुंपणात.
दिवसातून तीनदा हजेरी.
एकदा चुकली तर फटके.
जन्मलेलं पोर गुन्हेगार, असं लिहिणारी माणसं
इथूनच बोटीत बसली असणार,
कदाचित अशाच एखाद्या सपाट, ओल्या गावातून.
आजोबा म्हातारपणीही
कुणी नाव पुकारलं की उठून उभे राहायचे.

मी निघाले नाही. म्हणाले,
“बाई, सही करायची सक्ती नाही.
नाव काढलंत तर परीक्षेची फी तुमच्या अंगावर,
बसायला जागाही तुम्हीच शोधायची.”

खिडकीबाहेर ट्रॅक्टर गेला. बराच वेळ जात राहिला.
मिझेलीनं पेन उचललं,
नीट टोपण लावलं
आणि मिसेस थर्लबींच्या हातात परत दिलं.

मला नंतर आत बोलावलं. ते जाऊ दे.

मग रोज मधल्या सुट्टीत
वह्यांच्या खोलीत ती, मी आणि वर्गसमीकरणं.
एकदा न बघताच म्हणाली, “पानी.”
मी न बघताच बाटली पुढे केली.
दोघींच्याही लक्षात उशिरा आलं.
तिनं कानाला बोट लावलं : कान.
नाकाला : नोक.
आमच्यात एका मात्रेचं अंतर.
मग परत समीकरण,
कारण नाकाकानाला मार्क नसतात.

एप्रिलमध्ये तिनं अर्ज लिहिला.
मी फक्त दोन स्पेलिंगं सांगितली.
दप्तरं उघडायची तर सगळ्यांची उघडा,
नाहीतर माझंही नको.
माफी कुणी मागितली नाही.
पण एका सोमवारी तिच्या दप्तराची चेन
लावलेली दिसली.

जूनमध्ये घोड्यांचा बाजार, ॲपलबीला.
भौतिकशास्त्राचा दुसरा पेपर त्याच आठवड्यात.
मी समजावलं, चिडले, एकदा ओरडलेसुद्धा.
ती शांतपणे म्हणाली, आजोबांचं हे शेवटचं वर्ष,
घोडं नदीत मीच नेणार.
हाही तिचाच हक्क, हे कळायला
मला रात्रभर लागली.
त्या दिवसाच्या रकान्यात मी ‘टी’ लिहिलं,
कुणालाही न विचारता.

गणितात पाच. इंग्रजीत चार.
भौतिकशास्त्राचं विचारू नका.

मे महिन्याचं तिचं पान मी छापून घरी आणलंय.
सकाळची रेघ, दुपारची रेघ,
एकमेकींना टेकलेल्या,
ओळीनं पालं ठोकावीत तशा.

अजून कुणी उठवायला आलेलं नाही.